परत दिलेलं छायाचित्र

यूजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराची जन्मभरातली बहुतेक भांडणं एकाच कारणावरून झाली. काढलेल्या छायाचित्रावर शेवटचा शब्द कुणाचा? ते छापणाऱ्या संपादकाचा, पैसे मोजणाऱ्या मालकाचा, की कॅमेरा डोळ्याला लावणाऱ्याचा? स्मिथचं उत्तर पक्कं होतं. त्यापायी त्याने चांगल्या नोकऱ्या सोडल्या, कर्ज करून घेतलं, संसारही मोडला. त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्याच्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्राबाबत याच प्रश्नाचा निकाल लागला, आणि तो या तिघांपैकी कुणाच्याच बाजूने लागला नाही. त्या निकालाने स्मिथच्या कलेवर अन्याय झाला असं म्हणणारे आहेत. मला मात्र तो त्याच्या कामाचा शेवटचा आणि अत्यंत आवश्यक भाग वाटतो.

स्मिथचा जन्म 30 डिसेंबर 1918 रोजी कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात झाला. वडील धान्याचे व्यापारी, आईला फोटोग्राफीची हौस. महामंदीत धंदा बसला आणि 1936 साली वडिलांनी स्वतःवर बंदूक चालवून जीव दिला. घरात काय घडलं हे मुलाने पाहिलं होतं; वर्तमानपत्रांत जे छापून आलं ते त्याच्याशी जुळत नव्हतं. सतरा वर्षांच्या त्या पोराचा पत्रकारितेवरचा विश्वास तेव्हाच उडाला असता. पुढे त्यानेच सांगितल्याप्रमाणे, ओळखीच्या एका पत्रकाराने त्याला समजावलं की प्रामाणिकपणा धंद्यात नसतो, तो धंदा करणाऱ्या माणसात असतो. स्मिथने हे मनावर कोरून घेतलं. आणि त्यातून निघणारा पुढचा निष्कर्षही त्याने काढला: प्रामाणिकपणा जर माणसात असेल, तर त्या माणसाच्या कामावर दुसऱ्या कुणाचा हात चालता कामा नये. त्याचा सगळा हट्ट, सगळी तापट बंडखोरी इथून सुरू होते असं मला वाटतं.

नोत्र दाम विद्यापीठातलं शिक्षण त्याने लवकरच सोडलं आणि न्यूयॉर्क गाठलं. ‘न्यूजवीक’मधली नोकरी गेली, कारण लहान कॅमेरा वापरायचा नाही हा नियम त्याने पाळला नाही. मग ‘लाइफ’ आणि मग महायुद्ध. पॅसिफिकमध्ये सायपान, इवो जिमा, ओकिनावा अशा एकामागून एक बेटांवर तो सैन्याबरोबर उतरला. सायपानमध्ये गुहेत सापडलेलं जखमी तान्हं मूल हातांत धरलेला अमेरिकन सैनिक त्याने टिपला. शत्रूच्या भूमीवरचं ते बाळ पाहताना त्याला आपलीच मुलं दिसत होती. 22 मे 1945 रोजी ओकिनावात तोफगोळ्याच्या ठिकऱ्या त्याच्या हातात आणि चेहऱ्यात घुसल्या. पुढे जवळजवळ दोन वर्षं शस्त्रक्रियांत गेली. बरं होता होता 1946 मध्ये त्याने पहिल्यांदा पुन्हा कॅमेरा उचलला आणि आपली दोन लहान मुलं झाडीच्या अंधारातून उजेडाकडे चालत जाताना टिपली. एडवर्ड स्टायकनने न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 1955 साली ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रचंड प्रदर्शन भरवलं, तेव्हा शेवटी हेच छायाचित्र लावलं.

ते प्रदर्शन 1956 च्या पावसाळ्यात मुंबईच्या जहांगीर कलादालनात आलं होतं. काळ्या घोड्याच्या चौकात छत्र्या मिटून आत गेलेल्या मुंबईकरांनी ती दोन मुलं पाहिली. त्याच वर्षी जपानच्या क्यूशू बेटावर, एका मासेमारी करणाऱ्या वस्तीत, एक मुलगी जन्माला आली होती. तिच्याकडे स्मिथला पोचायला अजून पंधरा वर्षं होती. प्रदर्शनाचं सूत्र होतं की माणूस इथूनतिथून एकच आहे, एका कुटुंबातला आहे. त्या मुलीच्या गावात, मिनामातात, एक कारखाना त्या कुटुंबाच्या ताटात पारा वाढत होता.

पण त्याआधीची आणि मधली वर्षं वगळून चालणार नाही. 1948 ते 1954 या काळात ‘लाइफ’साठी स्मिथने जे काम केलं त्याने छायाचित्रनिबंध या प्रकाराला घडण दिली. कोलोरॅडोतल्या क्रेमलिंग गावचा एकटा डॉक्टर. फ्रँकोच्या स्पेनमधलं देलेयतोसा हे दरिद्री खेडं. दक्षिण कॅरोलायनातली कृष्णवर्णीय परिचारिका आणि सुईण मॉड कॅलन. या शेवटच्या निबंधाचा परिणाम डोळ्यांनी दिसण्याजोगा झाला. वाचकांनी आपण होऊन पैसे पाठवले आणि त्यातून तिच्यासाठी दवाखाना उभा राहिला. छायाचित्राने एवढं केलं तरी पुष्कळ झालं असं कुणालाही वाटेल. स्मिथला वाटलं नाही. तो आठवडेच्या आठवडे एका गावात राहायचा, लोक कॅमेरा विसरेपर्यंत थांबायचा, आणि परत आल्यावर डार्करूममध्ये स्वतःला कोंडून घ्यायचा. एकेका प्रिंटवर कित्येक दिवस. छपाईत काळा रंग इतका गडद की त्यातून चेहरा वर यावा, आणि मग बारीक ब्रशाने रसायन लावून डोळ्यांतला, गालावरचा पांढरा उजळायचा. दारू आणि झोप घालवणाऱ्या गोळ्या यांच्या जोरावर रात्री जात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. देलेयतोसातल्या प्रेताभोवती बसलेल्या बायकांच्या प्रसिद्ध छायाचित्रात स्मिथने दोघींच्या डोळ्यांची नजर प्रिंटमध्ये बदलली, कारण त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झरच्या आफ्रिकेतल्या लांबारेने इथल्या रुग्णालयावरच्या निबंधाचं पहिलं चित्र दोन निगेटिव्ह एकत्र करून बनवलेलं आहे. कोपऱ्यातला हात आणि करवतीची मूठ दुसऱ्या निगेटिव्हमधून आली. आजचा कुठलाही वृत्तसंपादक या कारणासाठी छायाचित्रकाराला घरी पाठवेल. माझ्या मते आजचा संपादक बरोबर असेल. पण स्मिथच्या दृष्टीने यात फसवणूक नव्हती. आपण काय पाहिलं हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्या पाहण्याशी प्रिंट इमानी आहे, एवढाच त्याचा दंडक होता. सत्याची सगळी जबाबदारी एका माणसाने आपल्या छातीत साठवली की असं होतं. ज्या दोन बायकांची नजर वळवली त्यांना विचारावं, हे त्याला तेव्हा सुचलेलं दिसत नाही. देलेयतोसाच्या लोकांना तर पुढे कित्येक वर्षं तो निबंध बोचत राहिला. आपलं गाव जगासमोर फक्त मागासलेलं म्हणून मांडलं, ही त्यांची तक्रार होती. ‘लाइफ’च्या लाखो वाचकांना ती कळायला मार्ग नव्हता.

श्वाइट्झरच्या निबंधाच्या मांडणीवरून शेवटी त्याचं ‘लाइफ’शी बिनसलं आणि त्याने राजीनामा दिला. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेत तो सामील झाला. पहिलं काम मिळालं पिट्सबर्गचं: पोलादाच्या या शहरावरच्या पुस्तकासाठी तीन आठवड्यांत शंभरेक चित्रं हवी होती. स्मिथने सुमारे सतरा हजार निगेटिव्ह केल्या आणि काम संपवलंच नाही. वर्षं गेली, शिष्यवृत्त्या संपल्या, पैसे आटले. शेवटी 1959 साली एका वार्षिकाने त्याला छत्तीसएक पानं दिली आणि मांडणीचा पूर्ण अधिकारही दिला. ज्यासाठी तो जन्मभर भांडला ते एकदाचं हातात आलं. छापून आलेलं काम पाहून त्याने स्वतःच ते फसलं असं म्हटलं. त्याच्या आयुष्यातलं हे पान मला फार बोलकं वाटतं. अडवणारा संपादक नव्हता, मालक नव्हता, कुणाचीही कात्री नव्हती; तरीही काहीतरी उणं होतं. एका शहराबद्दल एकट्याने सगळं ठरवायचं, हीच मुळात पेलणारी गोष्ट नव्हती.

त्याच सुमाराचं न्यूयॉर्कच्या सहाव्या अॅव्हेन्यूवरचं पोटमाळ्याचं पर्व जाझच्या रसिकांना आवडेल असं आहे. रात्ररात्र चालणाऱ्या वादकांच्या मैफिली, खिडकीतून घेतलेली रस्त्याची चित्रं, भिंतींत-जिन्यांत मायक्रोफोन ठोकून भरलेल्या सतराशेहून अधिक टेप. मला तो काळ एका थकलेल्या माणसाने बाहेरच्या जगाकडून काचेआड घेतलेल्या माघारीचा वाटतो.

मग 1970 मध्ये आयलीन मिओको भेटली. आई जपानी, वडील अमेरिकन, वय वीस, दुभाष्याचं काम करायला आलेली विद्यार्थिनी. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं आणि त्याच सप्टेंबरात मिनामाताला राहायला गेले. तीन महिने राहायचं ठरलं होतं. राहिले तीन वर्षं.

मिनामाता हे कुमामोतो प्रांतातलं, शिरानुई समुद्राच्या काठचं गाव. चिस्सो कंपनीचा कारखाना तिथे 1908 पासून. गावाची रोजीरोटी, नगरपालिकेचा महसूल, रेल्वे स्टेशनासमोरचं भलंमोठं फाटक, सगळं चिस्सोचं. 1932 पासून तिथे असेटाल्डिहाइड तयार होऊ लागलं आणि त्या प्रक्रियेतला पारा सांडपाण्याबरोबर खाडीत जाऊ लागला. तिथून तो माशांत, शिंपल्यांत, आणि माशांवर जगणाऱ्या कोळ्यांच्या घरांत. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून समुद्रात पडू लागली, कावळे आकाशातून खाली कोसळू लागले. 1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातल्या डॉ. होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य खात्याला कळवलं की मेंदूचा एक अनोळखी आजार पसरतो आहे. त्याच होसोकावांनी 1959 मध्ये कारखान्याचं सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिलं. चारशे क्रमांकाचं ते मांजर तसंच आजारी पडलं. व्यवस्थापनाने प्रयोग बंद करायला लावले. निष्कर्ष दडून राहिला आणि 1970 साली मरणशय्येवरून दिलेल्या साक्षीत बाहेर आला. दरम्यान 1959 च्या अखेरीस कंपनीने रुग्णांच्या हातावर थोडे पैसे ठेवून सह्या घेतल्या: पुढे कारखाना दोषी ठरला तरी आणखी काही मागणार नाही. पाऱ्याचा वापर थांबला तो 1968 मध्ये, तोवर ती पद्धतच कालबाह्य झाली होती. त्यानंतर काही महिन्यांनी सरकारने रोगाचं कारण अधिकृतपणे मान्य केलं.

या सगळ्यात सर्वांत मोठा धक्का होता तो गर्भातल्या मुलांचा. वार आईच्या अंगातलं विष बाळापर्यंत जाऊ देत नाही, असं वैद्यकशास्त्र तोपर्यंत मानत आलं होतं. डॉ. हारादा मासाझुमी यांनी मिनामाताच्या घरांत हिंडून दाखवून दिलं की उलटंच घडतं आहे: आईच्या रक्तातला पारा बाळ ओढून घेतं. आपल्याकडे बाळाची नाळ पुरतात. जपानमध्ये ती वाळवून एका छोट्या डबीत जपून ठेवायची रीत आहे. संशोधकांनी त्या जपलेल्या नाळांत पारा मोजला, आणि कोणत्या वर्षी समुद्रात किती विष होतं याची नोंद घराघरांतल्या डब्यांतून हाती आली. कारखान्याने कागद लपवले होते. आयांनी डब्या जपल्या होत्या.

1956 सालची ती मुलगी अशा मुलांपैकी एक. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोलता येत नव्हतं, हातपाय आखडलेले. तिच्यामागून झालेली भावंडं तिच्यासारखी नव्हती. आईची श्रद्धा होती की माझ्या अंगातलं विष या लेकीने स्वतःकडे घेतलं, म्हणून मी आणि बाकीची मुलं वाचलो. घरात ती ओझं नव्हती, ठेवा होती. स्मिथ आणि आयलीन या घरी नेहमी जात, मुलीला सांभाळत, आईवडील रुग्णांच्या आंदोलनासाठी बाहेर पडले की घरी थांबत.

1971 च्या डिसेंबरात स्मिथने ते छायाचित्र घेतलं. काळोखी न्हाणी, वाफाळलेलं पाणी, पाण्यात बसलेली आई आणि तिच्या हातांवर आडवी झालेली पंधरा वर्षांची लेक. मी इतकंच वर्णन करतो. जास्त करू नये असं वाटतं, आणि का ते पुढे येईलच. पाश्चात्त्य समीक्षकांना हे चित्र पाहून मायकेलअँजेलोचं येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प आठवतं. ही तुलना मला खटकते. त्या शिल्पातला मुलगा मरण पावला आहे आणि त्याच्या मरणाला धर्माने अर्थ दिला आहे. न्हाणीतली मुलगी जिवंत आहे, आई तिला रोजच्यासारखी न्हाऊ घालते आहे, आणि हे कुणी घडवलं त्याचं नाव-पत्ता ठाऊक आहे.

स्मिथ मिनामाताचा पहिला छायाचित्रकार नव्हता, हेही नोंदवायला हवं. कुवाबारा शिसेइ हा तरुण जपानी छायाचित्रकार 1960 पासून तिथे जात होता, 1962 साली टोकियोत त्याने प्रदर्शनही भरवलं होतं. लेखिका इशिमुरे मिचिको यांनी रुग्णांच्या बोलीत त्यांची व्यथा लिहिली होती आणि त्यांचं पुस्तक 1969 मध्ये आलं होतं. जगाने ऐकलं ते मात्र ‘लाइफ’ने जून 1972 मध्ये स्मिथची छायाचित्रं छापल्यावर. यात स्मिथचा दोष नाही. पण कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेलं जग खरं मानतं, याचा हिशेब आपण मनात ठेवला पाहिजे.

त्याआधी, 1972 च्या जानेवारीत, या कामाची किंमत त्याने मोजली होती. टोकियोजवळच्या गोई इथल्या चिस्सोच्या कारखान्यात रुग्णांचं एक शिष्टमंडळ गेलं होतं, बरोबर स्मिथ. कंपनीच्या माणसांनी सगळ्यांवर हल्ला केला, स्मिथला उचलून काँक्रीटवर आपटलं. नजर अधू झाली, डोकेदुखी कायमची जडली, मान वळवली की शुद्ध हरपायची. ओकिनावात याच देशाच्या सैन्याच्या गोळ्याने तो एकदा मोडला होता. तरी तो मिनामाता सोडून गेला नाही. कॅमेरा उचलवत नसे तेव्हा आयलीन छायाचित्रं घेई, आणि त्या दोघांच्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. एकट्याच्या मालकीहक्कासाठी जन्मभर भांडलेल्या माणसाने शेवटच्या मोठ्या कामात आपल्या नावाशेजारी दुसरं नाव आनंदाने लावलं, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

20 मार्च 1973 रोजी कुमामोतो न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला आणि 1959 चे ते करार नीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरवले. पुस्तक 1975 मध्ये आलं. त्याच्या प्रस्तावनेत स्मिथने सांगून टाकलं आहे की हे तटस्थ पुस्तक नाही; तटस्थता हा शब्दच पत्रकारितेतून हाकलावा असं त्याला वाटतं. आणि आपल्या जबाबदाऱ्या त्याने क्रमाने मांडल्या आहेत: पहिली ज्यांची छायाचित्रं घेतली त्यांच्याशी, दुसरी वाचकांशी. संपादक या क्रमात नाही, छायाचित्रकारही नाही. देलेयतोसापासून मिनामातापर्यंतचा सगळा प्रवास या एका क्रमात आहे. आधी तो सत्याचा मालक होता; आता देणेकरी झाला होता.

पुढचं लवकर सांगतो. दोघं विभक्त झाले. स्मिथ आपल्या कागदपत्रांचा डोंगर घेऊन अॅरिझोनातल्या टूसॉनला गेला, तिथल्या विद्यापीठाने त्याचा संग्रह ठेवून घेतला, आणि 15 ऑक्टोबर 1978 रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, तो गेला. ती मुलगी त्याच्या आदल्या वर्षी, 1977 मध्ये, एकविसाव्या वर्षी गेली होती.

मुलगी गेली, पण छायाचित्र राहिलं. पाठ्यपुस्तकांत, संग्रहालयांच्या भिंतींवर, पर्यावरणाच्या पोस्टरांवर, परिसंवादांच्या पत्रकांवर. वस्तीत कुजबूज होती की या चित्राचे पैसे घरच्यांना मिळतात. पैसे मिळत नव्हते. बोलणी मिळत होती. 1997 मध्ये एका फ्रेंच दूरचित्रवाणी वाहिनीला ते चित्र पुन्हा हवं होतं, तेव्हा वडिलांचं मन आयलीनपर्यंत पोचलं: मुलीला आता विश्रांती मिळावी. 1998 साली आयलीन मिनामाताला गेली आणि त्या चित्राबद्दलचा निर्णय तिने आईवडिलांच्या हाती दिला. कायद्याने हक्क तिचे होते. यापुढे ते नव्याने छापायला द्यायचं नाही असं ठरलं आणि संग्रहालयांनीही ते मांडताना या इच्छेचा विचार करावा, अशी विनंती तिने केली.

या निर्णयावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यातला एक तरी पोकळ नाही. हे चित्र म्हणजे पुरावा आहे. चिस्सोने बारा वर्षं नाकारलेलं सत्य एका नजरेत मांडणारा पुरावा. रोगाचा दाखला मिळावा म्हणून अनेक रुग्ण नंतरही कित्येक वर्षं न्यायालयांचे उंबरे झिजवत राहिले. अशा लढ्यातून सर्वांत प्रभावी चित्र काढून घेणं कंपनीच्या सोयीचं नाही का? शिवाय आईवडिलांनीच तेव्हा संमती दिली होती. विसाव्या शतकाचा इतिहास हा एका घराच्या मर्जीवर कसा ठेवायचा?

मला या आक्षेपांपुढे एवढंच दिसतं की संमती ही एकदा करून टाकायची सही नसते. 1959 च्या करारावरच्या सह्याही सह्याच होत्या. न्यायालयाने त्या रद्द केल्या, कारण कंपनीने सही करणाऱ्यांच्या अज्ञानाचा फायदा घेतला होता. 1971 मध्ये न्हाणीत कॅमेरा येऊ देणाऱ्या आईला तरी कुठे ठाऊक होतं की आपली लेक गेल्यावरही वीस वर्षं तिचं उघडं अंग जगभर फिरत राहील? ती संमती लढ्याला होती. लढ्याचं ते चित्र बोधचिन्ह झालं, बोधचिन्ह सवयीचं झालं, आणि सवयीच्या चित्राकडे बघणारा माणूस त्या मुलीकडे बघत नाही. शिवाय पुरावा संपलेला नाही. तीन वर्षांचं काम आहे: खाडीत उतरणारा सांडपाण्याचा पाइप, कंपनीच्या अध्यक्षासमोर टेबलावर बैठक मारलेला रुग्णांचा नेता कावामोतो तेरुओ, आखडलेल्या बोटांचे हात, जाळी विणणारे कोळी. एक पान मिटलं म्हणून हे पुस्तक मुकं होत नाही.

स्मिथ असता तर त्याने काय केलं असतं, याची चर्चा होते. तो प्रिंटच्या एका कोपऱ्यासाठी नोकरी सोडणारा माणूस. कदाचित त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. पण त्याने लिहून ठेवलेला क्रम आयलीनने पाळला, तो ज्या वळणावर पाळणं सर्वांत महाग पडणार होतं तिथे. पुढे स्मिथच्या मिनामातातल्या दिवसांवर चित्रपट निघाला, 2020 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, आणि न्हाणीतलं ते दृश्य पडद्यावर पुन्हा उभं राहिलं. विश्रांती मागणाऱ्या घराचा प्रश्नही पुन्हा उभा राहिला. परत दिलेली गोष्ट जगाने परत उचलली.

आपल्याला हा प्रश्न दूरचा नाही. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. मातीत पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी मुलाचा चेहरा रघु राय यांनी कृष्णधवल फिल्मवर टिपला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत फिल्मवर. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. भोपाळ म्हटलं की तोच चेहरा समोर येतो: मातीतून वर पाहणारे उघडे डोळे. दोन्ही छायाचित्रं थोर आहेत आणि त्यांच्याशिवाय जगाने भोपाळ इतकं लक्षात ठेवलं असतं असं मला वाटत नाही.

पण त्या मुलाला नाव नाही. मिनामातात विचारायला आईवडील होते. तिथे एक बाई जाऊन त्यांच्यासमोर बसू शकली. भोपाळच्या त्या मुलाच्या वतीने बोलणारं कुणी नाही, म्हणून त्याचा चेहरा दर डिसेंबरात कुणालाही न विचारता छापला जातो. माझ्या मते विचारायला माणसं आहेत. त्या रात्रीतून वाचलेल्या बायकांच्या संघटना भोपाळमध्ये आजही काम करतात, न्यायालयांत जातात, दरवर्षी मिरवणूक काढतात. तो चेहरा कुठे असावा, कुठे नसावा, पोस्टरवर चालेल का, कॅलेंडरवर चालेल का, हे आधी त्यांना विचारावं. त्या कदाचित म्हणतील, छापा, अजून मोठा छापा, कारण आमचं भांडण संपलेलं नाही. मग तो छापावा आणि त्याखाली त्यांनी सांगितलेलं लिहावं. आणि त्या नाही म्हणाल्या, तर त्या वर्षी संपादकाने दुसरं छायाचित्र शोधावं.